एकाच हाताचे चार अलंकार

मागच्या व्याख्यानात आपण सिमिली आणि मेटफर यांच्यापाशी थांबलो होतो. त्यानंतर जे प्रश्न आले, ते बहुतेक दुसऱ्याच एका जोडीबद्दल होते: मेटोनिमी आणि सिनेक्डकी. एका शिक्षिकाबाईंनी लिहिलंय, "'ऑल हँड्स ऑन डेक' हे वाक्य एका गाइडात मेटोनिमी म्हणून दिलंय, दुसऱ्यात सिनेक्डकी म्हणून. मुलांना काय सांगू?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या ओळीतला अलंकार ओळखून तो समजावून सांगायला लावतात. मुलं ओळखतात भराभर, आणि समजावून सांगायची वेळ आली की पाठ केलेली व्याख्या उतरवतात. आजचं व्याख्यान या 'समजावून सांगा'बद्दल आहे.

आधी मागची बाकी झटपट उरकून टाकू. 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसलं की सिमिली, हा नियम आपण सगळ्यांनी पाठ केलेला आहे. तो लंगडा आहे. 'शी सिंग्ज लाइक हर मदर' यात 'लाइक' आहे, पण ही साधी तुलना झाली. दोन्ही बाजूंना गाणाऱ्या बायकाच आहेत. 'शी सिंग्ज लाइक अ रस्टी गेट' म्हटलं की सिमिली होते, कारण आता बाई आणि गंजलेलं फाटक अशा दोन वेगळ्या जातींच्या वस्तू शेजारी आल्या. उलट, मेटफर सापडायला 'अमुक म्हणजे तमुक' अशी रचना लागतच नाही. 'प्राइसेस आर क्लाइंबिंग' या तीन शब्दांत किमतींना हातपाय फुटलेत, आणि ते सगळं एका क्रियापदाने केलंय. चिन्ह शोधणाऱ्याच्या हातून हे मेटफर हमखास निसटतं.

आय. ए. रिचर्ड्‌स यांनी 1936 साली अमेरिकेतल्या ब्रिन मॉर कॉलेजात व्याख्यानं दिली, त्यांचंच पुढे 'द फिलॉसफी ऑफ रेटरिक' हे पुस्तक झालं. मेटफरच्या दोन अर्ध्या भागांना इंग्रजीत धड नावंच नाहीत, अशी त्यांची तक्रार होती, म्हणून त्यांनी 'टेनर' आणि 'व्हेइकल' हे शब्द पुढे केले. आपल्या शाळेतल्या मुलाला उपमेय आणि उपमान हे शब्द आठवी-नववीतच भेटतात, तेव्हा रिचर्ड्‌स यांची अडचण त्याला कळायलाच वेळ लागेल! शिवाय आपल्याकडे उपमा आणि रूपक यांच्या मध्ये उत्प्रेक्षा बसलेली आहे, 'जणू'वाली. इंग्रजीने 'अ‍ॅज इफ'साठी वेगळं घर बांधलं नाही, सिमिलीच्याच ओसरीवर त्याची सोय केली. तेव्हा मराठीतले तीन इंग्रजीतल्या दोनांवर एकास एक बसवायला जाऊ नका, एक उरणारच.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

मेटफर साम्यावर उभं असतं. मेटोनिमी आणि सिनेक्डकी या दोघींना साम्याशी काही कर्तव्य नाही. राजमुकुट राजासारखा दिसत नाही, तरी 'द क्राउन' म्हटलं की राजसत्ता समजते. हात खलाशासारखा दिसत नाही, तरी 'ऑल हँड्स' म्हटलं की खलाशी धावत येतात. इथवर दोघी सख्ख्या बहिणी. फरक आहे तो नात्याच्या जातीत. सिनेक्डकीत नाव घेतलेली वस्तू ही अभिप्रेत वस्तूचा अंश असते, किंवा उलट अंशासाठी पूर्णाचं नाव घेतलेलं असतं. मेटोनिमीत ती नुसती जवळ असते: अंगावर, हातात, खाली, भोवती, आधी किंवा नंतर. मुकुट उतरवून ठेवला तरी राजा सबंध राहतो. हात उतरवून ठेवता येत नाही.

ही 'उतरवून ठेवण्याची' कसोटी आम्हाला वर्गात फार उपयोगी पडलेली आहे. हल्ली सैन्याच्या बातम्यांत 'बूट्स ऑन द ग्राउंड' फार येतं. कित्येक ठिकाणी ते सिनेक्डकीचं उदाहरण म्हणून छापलेलं दिसतं. बूट उतरतात ना? मग मेटोनिमी. ऑफिसातल्या साहेबलोकांना 'द सूट्स' म्हणतात, तीही मेटोनिमी. जहाजांना 'फिफ्टी सेल' म्हणत, तिथे शीड हा जहाजाचाच भाग आहे, म्हणून सिनेक्डकी. गुरं मोजताना 'हेड' म्हणतात, ती सिनेक्डकी. 'द केटल इज बॉइलिंग' यात उकळतं ते पाणी, नाव मात्र भांड्याचं, म्हणून मेटोनिमी. सामान्यासाठी विशेष वापरणं हेही जुन्या मंडळींनी सिनेक्डकीतच घातलेलं आहे. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला 'डालडा' आणि कुठल्याही टूथपेस्टला 'कोलगेट' म्हणणाऱ्या आज्या नकळत सिनेक्डकीच बोलत होत्या.

पण शब्दावर शिक्का नसतो. शिक्षिकाबाईंचा 'हँड'च घेऊ. 'ऑल हँड्स ऑन डेक' यात हात म्हणजे खलाशी, अंशावरून पूर्ण, सिनेक्डकी. 'लेंड मी अ हँड' म्हणणाऱ्याला माणूस नकोय, हातही नकोय, मदत हवीय, हात हे मदतीचं साधन आहे, म्हणजे साधनावरून क्रिया, मेटोनिमी. 'शी राइट्स अ गुड हँड' यात हात म्हणजे अक्षर, साधनावरून निर्मिती. पुन्हा मेटोनिमी, पण निराळ्या जातीची. आणि 'द हँड्स ऑफ द क्लॉक' यात घड्याळाचे काटे दाखवतात, माणूस हाताने दाखवतो तसे, हे साम्य, म्हणजे मेटफर, आता पार झिजून गेलेलं. मराठीत त्याच वस्तूला काटे म्हणायचं ठरलं, तेही मेटफरच, फक्त दुसऱ्या झाडाचं. एकच शब्द, चार वाक्यं, चार नाती. त्यामुळे 'हँड म्हणजे सिनेक्डकी' असं वहीत लिहून ठेवणाऱ्या मुलाला चारांतला एकच गुण मिळणार.

दोन गाइडांत दोन उत्तरं का, याचा खुलासाही करायला हवा, कारण दोन्ही गाइडं निव्वळ निष्काळजी आहेत असं नाही. भांडण जुनं आहे. रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन पहिल्या शतकातच सांगून ठेवतो की मेटोनिमी सिनेक्डकीपासून फार दूर नाही. 1589 मध्ये जॉर्ज पट्नम यांनी 'द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी'त या ग्रीक नावांना इंग्रजी टोपणनावं दिली. मेटोनिमी झाली 'मिसनेमर', म्हणजे भलत्याच नावाने हाक मारणारी. सिनेक्डकी झाली 'क्विक कन्सीट', म्हणजे ऐकणाऱ्याने चटकन उरलेलं पुरं करून घ्यायची. टोपणनावं रुजली नाहीत, पण आम्हाला ती फार आवडतात, कारण त्यांत वस्तूपेक्षा ऐकणाऱ्याला काय करावं लागतं याकडे लक्ष आहे. विसाव्या शतकात रोमान याकोब्सन यांनी 1956 च्या वाचाघातावरच्या निबंधात भाषेचे दोन ध्रुव मांडले, साम्याचा आणि सान्निध्याचा, आणि सिनेक्डकी सान्निध्याच्या बाजूला मेटोनिमीच्या पोटात टाकली. 1980 साली लेकॉफ आणि जॉन्सन यांनीही 'मेटफर्स वी लिव्ह बाय'मध्ये तेच केलं. तेव्हा सगळ्यालाच मेटोनिमी म्हणणारं गाइड अडाणी असेलच असं नाही; ते एका मोठ्या घराण्याचं ऐकतं.

आपल्या परंपरेने हाच गुंता अलंकारांत सोडवलेला नाही, तो शब्दशक्तीत सोडवला. मम्मट अकराव्या शतकात काश्मीरमध्ये 'काव्यप्रकाश' लिहितो. तो लक्षणेचे गौणी आणि शुद्धा असे भाग करतो. गौणी साम्यावर उभी, शुद्धा इतर संबंधांवर. म्हणजे याकोब्सनचे दोन ध्रुव इथे नऊशे वर्षं आधी आखलेले दिसतात. पण गंमत पुढेच आहे. शुद्धेत तो पुन्हा एक रेघ मारतो, आणि ती इंग्रजीतल्या रेघेवर पडत नाही. भाले आत शिरले, असं म्हटलं की भालेकरी शिरतात, पण भालेही शिरतात. शब्दाने आपला अर्थ न सोडता आणखी कुणाला सोबत आणलं. गंगेवर गवळीवाडा आहे असं म्हटलं की गंगेचा प्रवाह सुटतो आणि काठ उरतो. शब्दाने आपला अर्थ टाकला. या कसोटीने 'हँड्स' आणि 'बूट्स' एकाच कप्प्यात जातील, कारण खलाशाबरोबर हातही येतो आणि शिपायाबरोबर बूटही. इंग्रज विचारतो, 'ते अंगाचं आहे का?' मम्मट विचारतो, 'ते सोबत आलं का?' दोन्ही प्रश्न चांगले आहेत. म्हणूनच आम्ही म्हणतो, 'समजावून सांगा' या प्रश्नाला मुलाने नातं सांगावं. नातं अचूक सांगितलं आणि नाव चुकलं, तर आम्ही पूर्ण गुण देऊ. बोर्ड देणार नाही हे माहीत आहे, आमचं मत विचारलंत म्हणून सांगितलं.

मग एवढं सगळं असताना आम्ही याकोब्सनच्या बाजूने का जात नाही? सान्निध्य म्हणून दोघींना एका खोलीत का टाकत नाही? कारण समीक्षेचं काम तिथे अडतं. दोन्ही अलंकार माणसाला बाजूला सारतात, पण वेगवेगळ्या रीतीने.

चार्ल्स डिकन्स यांची 'हार्ड टाइम्स' ही कादंबरी 1854 साली आली. त्याच वर्षी जानेवारीत ते लँकेशरमधल्या प्रेस्टन गावी गिरणी कामगारांचा संप पाहून आले होते. कादंबरीतल्या कोकटाउनमध्ये मालक लोक कामगारांना 'हँड्स' म्हणतात. हा डिकन्सचा शोध नव्हे, इंग्रजी उद्योगाची ती रोजची भाषा होती. डिकन्स करतात ते एवढंच की शब्द मोठ्या अक्षराने लिहितात, जणू ही एखादी जमातच आहे. आणि निवेदकाच्या तोंडून टोमणा मारतात की या लोकांना नुसते हात आणि पोट असतं तर काही जणांना ते फार सोयीचं झालं असतं. सिनेक्डकी तशीच ठेवली, फक्त अक्षर मोठं केलं, आणि तिची आयरनी झाली. गिरणीमालक बाउंडरबी तर म्हणत सुटतो की या प्रत्येक 'हँड'ला सोन्याच्या चमच्याने कासवाचं सूप प्यायचंय. म्हणजे कामापुरते हात, आणि तक्रार करायची वेळ आली की लगेच हावरं तोंड! आपल्याकडेही म्हणतातच, खाणारी तोंडं आठ आणि कमावणारे हात दोन. सिनेक्डकीत कोणता अवयव निवडला यावरून निवडणाऱ्याला माणसातलं काय हवंय ते कळतं. मेटोनिमीला हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण तिथे अवयवच नसतो.

कादंबरीच्या शेवटाकडे स्टीफन ब्लॅकपूल हा विणकर जुन्या खाणीच्या उघड्या खड्ड्यात पडतो. त्याला वर काढतात तेव्हा त्याचा उजवा हात पांघरुणाबाहेर आहे, आणि रेचल तो हात हातात धरून चालते. आम्ही ही कादंबरी बरेच वर्षं शिकवली, आणि हा प्रसंग करुण म्हणून सांगून पुढे जाणारी टिपणंच फार पाहिली. पण बघा, दोनशे-अडीचशे पानं जो शब्द कामगार या अर्थाने घासला गेला, तो इथे नुसता हात म्हणून येतो, हाडामांसाचा, कुणीतरी धरलेला. अलंकार मागे घेतला गेलाय. 'हँड्स'ला ढोबळपणे मेटोनिमी म्हणून सोडून दिलं असतं, तर अंश आणि पूर्ण यांचा हा हिशेब इथे चुकता होतो, हे दिसलंच नसतं.

मुंबईची आठवण इथे ओढूनताणून काढावी लागत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभ्या केलेल्या संघटनेचं इंग्रजी नाव 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' असं होतं. सरकारशी आणि मालकांशी इंग्रजीत बोलायचं तर त्यांचाच शब्द वापरावा लागला असणार. आणि त्या काळातली त्यांची एक मोठी मागणी कोणती, तर आठवड्याची सुटी. 1890 साली गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. हाताला रविवार नसतो, माणसाला असतो. पुढे 1928 साली स्थापन झालेल्या युनियनच्या नावात 'गिरणी कामगार' हे शब्द इंग्रजीतही तसेच राहिले. कामगार या शब्दात माणूस कामावरून ओळखला जातो, अवयवावरून नाही. तेही अर्धंच आहे म्हणा, पण निदान करणारा शाबूत आहे.

आता मेटोनिमीचं बघा. 'डाउनिंग स्ट्रीट डिनाइज', 'द व्हाइट हाउस सेज'. रस्ता नाकारतो, इमारत बोलते. आपल्याकडे 'दिल्लीने नकार दिला', 'मंत्रालयातून फाइल परत आली'. बोललं कोण? एखादा माणूस बोललाच असेल, त्याला नाव असेल, पद असेल, उद्या तो शब्द फिरवेल तेव्हा त्याला धरता आलं असतं. सिनेक्डकी कमजोराला कापून छोटं करते. मेटोनिमी बलवानाला इमारतीच्या आड उभं करते. नेहमीच असं होतं असा आमचा दावा नाही. 'आय अ‍ॅम रीडिंग शेक्सपिअर' यात कुणी कुणाला लपवत नाही, नुसती बोलण्याची सोय आहे. पण सत्तेच्या भाषेत ही विभागणी इतक्यांदा दिसते की तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

'द क्राउन'ची गोष्ट तर कायद्यातच मुरलेली आहे. इंग्लंडात फौजदारी खटला राजसत्तेच्या नावाने चालतो, नावात एकच अक्षर असतं, 'आर'. राणी असेल तर रेजायना, राजा असेल तर रेक्स, अक्षर तेच. व्यक्ती मरते, मुकुट पुढच्या डोक्यावर जातो आणि खटला चालू राहतो. राजाच्या एखाद्या अवयवावरून हे साधलं नसतं, कारण अवयव राजाबरोबरच जातो. राज्यसंस्थेला मेटोनिमी का लागते, ते यात आलं. कोर्टातलंच 'बेंच' आणि 'बार' घ्या: एक बसायचा बाक, एक लाकडी कठडा. न्यायमूर्ती बदलतात, वकील बदलतात, फर्निचर राहतं.

लेखणी आणि तलवार यांचं बल तोलणारं जे सुप्रसिद्ध इंग्रजी वाक्य आहे, बुल्वर-लिटन यांच्या 1839 च्या 'रिशल्यू' नाटकातलं, ते प्रत्येक गाइडात मेटोनिमीखाली असतं आणि बरोबर असतं. तलवारीऐवजी पात्याचं नाव घेतलं असतं तर मात्र दोन पायऱ्या झाल्या असत्या: पात्यावरून तलवार ही सिनेक्डकी, तलवारीवरून युद्ध ही मेटोनिमी. पेपरात असं काही आलं तर दोन्ही पायऱ्या लिहा.

बाकीच्या जोड्यांबद्दल फार थांबत नाही. ऑक्सिमोरॉन दोन चिकटलेल्या शब्दांत संपतो, 'डेफनिंग सायलेन्स' सारखा. पॅरडॉक्सला पूर्ण विधान लागतं आणि ते थोडा विचार केल्यावर खरं निघावं लागतं. 'द मोअर ही अर्न्ड, द पुअरर ही बिकेम' हे कुणी म्हटलं, तर ऐकणारा आधी अडखळतो, मग मान डोलावतो. आयरनी आणि सार्काझम यांना पट्नम अनुक्रमे 'ड्राय मॉक' आणि 'बिटर टाँट' म्हणतात, त्यापेक्षा सोपं आम्हाला सांगता येणार नाही. कोरडी थट्टा कुणालाही न लागता नुसती हवेत राहू शकते, कडू टोमण्याला समोर माणूस लागतो.

ट्रान्सफर्ड एपिथेट आणि पर्सॉनिफिकेशन यांच्यात मात्र चांगली चांगली मुलं घसरतात. 'अ स्लीपलेस नाइट' यात रात्र जागी नाही. झोप माणसाची उडालीय, विशेषण फक्त सरकून शेजारच्या शब्दावर बसलंय. फाशीच्या कैद्याच्या कोठडीला इंग्रजीत 'कंडेम्ड सेल' म्हणतात. शिक्षा झालीय माणसाला, विशेषण लागलंय भिंतींना. खऱ्या धन्याकडे विशेषण परत पाठवून बघा. ते जागेवर जाऊन बसलं, वाक्य सरळ झालं, तर ट्रान्सफर्ड एपिथेट. परत पाठवायला कुणी धनीच नसेल, 'द विंड कंप्लेन्ड ऑल नाइट' असं असेल, तर वाराच माणूस झालाय, ते पर्सॉनिफिकेशन, आपली चेतनगुणोक्ती. आणि त्याच वाऱ्याला 'ओ विंड' म्हणून हाक मारली की त्यावर अपॉस्ट्रफी चढते. तेव्हा दोन्ही नावं लिहावीत, एकाने दुसरं खोडलं जात नाही.

शिक्षिकाबाईंना उत्तर असं: 'ऑल हँड्स ऑन डेक' ही सिनेक्डकी. खलाशाला त्याच्या हातावरून ओळखलंय, कारण त्या घटकेला जहाजाला त्याचे हातच हवेत. हे दुसरं वाक्य मुलांकडून लिहून घ्या, ते पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

पुढच्या वेळी हायपर्बली आणि लायटोटीझ, म्हणजे फुगवून सांगणं आणि दाबून सांगणं. तोवर कुठल्याही इंग्रजी वर्तमानपत्राचं पहिलं पान घ्या आणि कर्ता म्हणून इमारत, शहर किंवा फर्निचर असलेली वाक्यं काढून पाठवा. प्रत्येक वाक्यापुढे त्या इमारतीत त्या दिवशी कोण बसलं होतं, तेही बातमीतून सापडतं का, ते लिहा. सापडलं नाही तर तसं लिहा.